थोरलीची शाळा

मालवणी काकीनं ठेवून घेतलं म्हणून माझी थोरली आज शाळेत आहे. हे आधीच लिहून टाकते. मला लिहायची सवय नाही. मधेच कुठे भरकटले, हात दुखला म्हणून थांबले, तर निदान एवढं तरी कागदावर राहावं. अंधेरीला चकाल्याच्या आमच्या चाळीत काकीची खोली आमच्या भिंतीला भिंत लावून होती. ती माझ्या नात्यातली नाही, गावची नाही, धर्माची नाही. तरी इथे बहरीनमध्ये कुणी विचारलं की मुंबईत तुमचं कोण आहे, तर माझ्या तोंडून आधी तीच निघते. मग विचारणारा माझ्याकडे बघत राहतो.

माझी स्वतःची शाळा चौथीपर्यंत. आमचं गाव रत्नागिरीकडे, खाडीच्या अलीकडे. गावातली शाळा मराठी, आणि तीही चौथीपर्यंतच. पाचवीची शाळा खाडीपलीकडे. मुलगे तरीत, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, बसून जायचे. मुलींनी तरीत बसायचं नाही असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण कुणी बसतही नव्हतं. चौथीचा निकाल लागला त्या दिवशी आईनं माझी पाटी धुऊन धाकट्या भावाला दिली. कुणी मला रागावलं नाही, कुणी समजावलंही नाही. पाटी गेली यावरूनच मला कळलं.

लग्न होऊन अंधेरीला आले तेव्हा मला मराठी वाचता येत होतं, तेवढंच. आणि ते टिकलं तेही काकीमुळे. ती कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून मासिकं आणायची. दुपारी भांडी झाली की मासिक माझ्या पुढ्यात टाकायची. "वाच गो मोठ्यान. माका चष्मो गावना नाय." चष्मा तिच्या डोक्यावर असायचा.

माझा नवरा मरोळच्या एका कारखान्यात फिटर होता, काकीचा नवरा, म्हणजे आमचे काका, गिरणीत. थोरली, मग मुलगा, मग अगदी लहान धाकटी अशी आमची तीन मुलं. थोरलीला आम्ही मराठी शाळेत घातलं. माझे दीर, ज्यांना आम्ही सगळे मोठे भाई म्हणायचो, त्यावरून नाराज होते. त्यांचं म्हणणं, उर्दू शाळेत घाला. पण उर्दू शाळा लांब, मोठा रस्ता ओलांडून. मराठी शाळा गल्लीतून गल्लीत. शिवाय काकीची एकुलती एक मुलगी त्याच शाळेत एक वर्ग पुढे होती. ती थोरलीला बोट धरून न्यायची आणि आणायची. थोरली तिला ताई म्हणायची, मग चाळीत सगळेच तिला ताई म्हणायला लागले.

शाळेआधी सकाळी थोरली आपाजींकडे कुराण वाचायला जायची. आपाजी म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या विधवा बाई. आमच्यातल्या सगळ्या मुली त्यांच्याच हाताखालून गेल्या. थोरलीची जीभ चांगली वळायची. नवव्या वर्षी तिचं कुराण पुरं झालं. खतमच्या दिवशी तिला हिरवा नवा जोड शिवला, गळ्यात मोगरा घातला, चाळभर बुंदी वाटली. मोठे भाई गावच्या जमातीतल्या वडीलधाऱ्यांना घेऊन आले. जमात म्हणजे आमच्या गावची मुंबईतली पंचमंडळी. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, कुणाची माती, सगळं तीच बघते. त्यांच्यासमोर थोरलीनं वाचलं, कुठे न अडखळता. एका म्हाताऱ्या चाचांनी डोळे पुसले.

"पोरीला अरबी येतं," मोठे भाई म्हणाले.

तेव्हापासून घरात, नात्यात, गावात हे ठरूनच गेलं. थोरलीला अरबी येतं. मीही तसंच धरून चालले. न धरायला काय झालं होतं?

एकाहत्तरच्या लढाईचे ब्लॅकआउट संपून वर्षभर झालं असेल. बहरीनच्या बंदरावरच्या एका वर्कशॉपसाठी माणसं हवी होती. मोठ्या भाईंच्या ओळखीनं नवऱ्याचं काम झालं आणि तो गेला. दोन वर्षं आम्ही पत्रांवर काढली. मग त्याचं पत्र आलं की मालक कुटुंबाला राहायला जागा देतोय, मुलांना घेऊन ये. चाळीतल्या बायका येऊन म्हणाल्या, नशीब काढलंस बाई. मी हो हो म्हणत होते. पहिला विचार आला तो थोरलीच्या शाळेचा. माझी पाटी कशी गेली ते मला ठाऊक होतं. थोरली आता पाचवीत होती.

तिकडे दोन शाळा होत्या. एक आपल्या हिंदुस्थानी लोकांची, इंग्रजी. मुलाला तिथे पहिलीत घेणार होते, त्याची काळजी नव्हती. थोरलीला मात्र पाचवीत बसायचं तर इंग्रजी लिहिता-वाचता आलं पाहिजे, आणि मराठी शाळेत इंग्रजी सुरूच होतं पाचवीत. तिची नुकती एबीसीडी संपली होती. फार तर दुसरीत बसवू, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. दुसरी शाळा अरबांची, सरकारी. मुलींची वेगळी, शिकवणाऱ्या सगळ्या बायका, आणि मालकानं शब्द टाकला की जागा मिळणार. नवऱ्यानं लिहिलं होतं, 'मोठ्या भाईंनाही कळवलं आहे. थोरली अरबी शाळेत जाईल. तिला अरबी येतंच. इंशाल्ला पहिल्या नंबरात राहील.'

माझा जीव भांड्यात पडला. मी पत्र काकीला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरा झाला. पण गो, अरबी येता म्हणजे काय काय येता?"

मला तो प्रश्नच कळला नाही.

नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये क्रेन चालवणारा एक माणूस रजेवर आला होता, आमच्या शेजारच्या गावचा. त्याच्याबरोबर नवऱ्यानं खजूर, साबण आणि थोरलीसाठी तिकडच्या शाळेची दोन पुस्तकं पाठवली होती. रविवारी दुपारी तो पाहुणा आमच्या खोलीवर आला. मोठे भाई आणि जमातीतले ते चाचा बातमी ऐकायला आधीच येऊन बसले होते. मी स्टोव्हपाशी, थोरली दाराला टेकून, आणि बाहेर उंबऱ्यावर काकी तांदूळ निवडत बसलेली. चाळीत दार लावून कुणी बोलत नसे.

पाहुण्यानं पुस्तकं काढली तशी मोठ्या भाईंनी हात धुतले. वरचं पुस्तक घेतलं, चुंबलं, दोन्ही डोळ्यांना लावलं.

"वर ठेवा, कुणाचा पाय लागेल," चाचा म्हणाले.

मोठ्या भाईंनी ते फळीवर, रेशमी कापडात गुंडाळलेल्या कुराणाच्या शेजारी ठेवलं. पाहुणा हसला. "अहो भाई, पोरांचं पुस्तक आहे ते. चौथीचं."

"अक्षर तर तेच ना?"

थोरलीला धीर निघेना. तिनं स्टुलावर चढून पुस्तक खाली घेतलं आणि उघडलं. पहिल्याच पानावर टोपलीत बसलेली मांजर आणि तिची पिल्लं. काकीनं मान लांब करून बघितलं.

"मांजराक कोण डोळ्यांक लावता काय गो?"

चाचा तोंडावर रुमाल धरून हसले. मोठे भाई हसले नाहीत. "वाच, बेटा," ते थोरलीला म्हणाले.

थोरलीनं ओढणी डोक्यावर घेतली आणि वाचायला लागली. कुराण वाचताना लावतो तोच सूर तिनं लावला, कारण तिला दुसरा माहीत नव्हता. मांजरीच्या धड्याला तो सूर. पण लगेच अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. "आई, ह्याला जेर-जबर नाहीत," ती हळूच म्हणाली. जेर-जबर म्हणजे अक्षरांच्या खाली-वर असतात त्या खुणा, आपल्या काना-मात्रा-वेलांटीसारख्या. कुराणात सगळ्या असतात. ह्या पुस्तकात नुसती अक्षरं उघडी.

"नवं आहे, म्हणून," मोठे भाई म्हणाले. "सवयीनं येईल."

मग पाहुणा सहज तिच्याकडे वळला आणि अरबीत काहीतरी म्हणाला. साधंच असावं, कारण म्हणताना तो हसत होता. थोरली बघत राहिली. त्यानं पुन्हा म्हटलं, सावकाश. थोरलीनं माझ्याकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते.

"बोल ना," मोठे भाई म्हणाले. "काय विचारतायत ते?"

"मला कळत नाही."

"कळत नाही कसं? कुराण वाचतेस ना?"

"वाचते. कळत नाही."

पाहुणा ओशाळला. "राहू दे, राहू दे भाई. मी आपलं पाणी मागितलं."

थोरलीनं माठातून तांब्या भरला, त्याच्यापुढे ठेवला, आणि काकीच्या अंगावरून बाहेर निघून गेली.

आम्हाला कुणालाच कळत नव्हतं. मोठ्या भाईंना नाही, मला नाही, आपाजींनाही नाही. आजी-पणजीपासून आम्ही वाचत आलो. सवाब, म्हणजे पुण्य, मिळावा म्हणून, मेलेल्या माणसांच्या नावानं, बाळंतिणीच्या उशाशी. वाचताना रडूही येतं. पण त्याच अक्षरांत कुणी पाणी मागतं, बाजारात भाव करतं, मांजरीची गोष्ट सांगतं, हे आमच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

पाहुण्यानं मग खरं काय ते सांगितलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, अशा मुलीला तिकडे पहिलीत बसवतात, सहा वर्षांच्या पोरींत. "आमच्या एका खानसाम्यानं घातली होती मुलगी. चार महिने गेली असेल. नुसती गप्प बसून यायची. मग राहिली घरी. आता भाकऱ्या मात्र झकास करते."

मोठ्या भाईंनी दाढीवरून हात फिरवला. आपलं चुकलं असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "मग राहू दे घरी. मोठी झाली आता. तिकडे आईच्या हाताखाली कुणी हवंच. किती शिकायचं मुलीनं? हिच्या आईचं काय अडलं चौथीवर?"

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कौतुकानंच. मी चहा गाळत होते. माझं काय अडलं ते मला सांगता आलं नाही. पहिल्यापासून ज्याची धास्ती होती ते आता माझ्याच घरात, माझ्याच चहावर ठरत होतं. पाटी दुसऱ्यांदा चालली होती.

बाहेरून काकी बोलली. तांदळातून मान वर न काढता बोलली.

"चेडवाक हयच ठेवा. माझ्याकडे. दहावी होयसर."

चेडू म्हणजे मुलगी. मोठ्या भाईंना तिची मालवणी कळायची, आमची कोकणी तिच्या बोलीपासून फार लांब नाही. तरी त्यांनी विचारलं, "काय म्हणालात?"

"दोन चेडवां बरोबर शाळेत जातली. एकीक वाढतंय तां दोघींक वाढीन."

"बाई, तुमचं मन मोठं आहे," मोठे भाई म्हणाले. "पण खाण्यापिण्याचं काय?"

"मटाण तुमच्याच खाटकाकडसून येतला. नायतर नको मटाण. वेसाव्याची कोळीण रोज दारात येता. माशाक कोण हलाल करता?"

"बरोबर आहे," चाचा म्हणाले. "मासळीला लागत नाही."

"चाचा, तुम्ही थांबा जरा. आणि बाई, धर्माचं? उद्या तुमच्या देवापुढे बसायला लागली मुलगी तर?"

काकीनं सूप खाली ठेवलं. "घोवाक तंबाखू सोडूची बुद्धी दी म्हणान रोज देवाक सांगतंय. तां एक काम त्याच्यान होणा नाय. तुमच्या चेडवाच्या मागे लागाक त्याका सवड खय?"

घोव म्हणजे नवरा. चाचा पुन्हा रुमालात हसले. पण मोठे भाई उठले, आणि त्यांच्याबरोबर सगळेच उठले.

जमातीचा निरोप काही दिवसांनी आला. जमात नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. मात्र परक्याच्या घरात वाढलेल्या मुलीला स्थळ बघायची वेळ आली की आमच्या दारात यायचं नाही. नवऱ्याचं पत्र आलं ते त्याहून बारीक चिमटा काढणारं. तो भावाच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता, आणि थोरलीला काकीकडे ठेवू या असं मी लिहिलेलं पत्रही त्यानं वाचलं होतं. लिहिलं होतं, 'दर वर्षी बघू. पण काकीच्या घरात काहीही कमीजास्त झालं, आजारपण, भांडण, काहीही, तर पुढच्या बोटीनं थोरली इकडे येईल. मग शाळेचं नाव काढायचं नाही.' मी ते काकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरा."

निघायची तयारी सुरू झाली. या सगळ्यात थोरलीला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तिला शाळा आवडते हे मला माहीत होतं, तेवढ्यावर मी चालले होते. एका संध्याकाळी मी ट्रंकेत कपडे रचत होते, मुलाचे, धाकटीचे, माझे. ती शेजारी बसून घड्या करून देत होती. तिचा एकही कपडा त्यात नव्हता. मधेच म्हणाली, "आई, मला पाणी मागितलेलं कळलं नाही, म्हणून मला ठेवून चाललात ना?"

मी तिला जवळ घेतलं, सांगितलं, असं नाही गं, तुझी शाळा राहावी म्हणून. ती मानेनं हो म्हणाली. पण मला वाटतं तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. अजूनही असेल.

बंदरावर काकी तिला घेऊन आली होती, ताईही होती. थोरली रडली नाही. रडली ती ताई. बोट हलली तेव्हा माझ्या कडेवर धाकटी होती, एक हात मुलाच्या मानगुटीवर. थोरलीला हात करायला माझ्याकडे हातच उरला नव्हता.

बहरीनचं फार लिहीत नाही. एक खोली, एक मोरी, खिडकीला चिकटपट्टी लावली तरी आत येणारी धूळ. मुलगा हिंदुस्थानी लोकांच्या शाळेत जायला लागला. नवरा सकाळी जायचा, अंधार पडल्यावर यायचा. शेजारची अरब बाई चांगली होती, ताटात झाकून काहीबाही पाठवायची. तिच्याशी बोलता बोलता मी पाणी मागायला शिकले. पहिल्यांदा मागितलं आणि तिनं आणून दिलं, तेव्हा मला पाहुण्यापुढे तांब्या ठेवणारी थोरली आठवली.

थोरलीचं पत्र महिन्याला यायचं. 'सर्व ठीक आहे. काकी बरी आहे. काका बरे आहेत. ताई बरी आहे. मला गणितात चांगले गुण मिळाले.' दर वेळी तेच, त्याच ओळीत. मी ते पुन्हा पुन्हा वाचायची आणि त्याच्यामागे काही दिसतं का बघायची. काही दिसायचं नाही. वर्ष गेलं, नवरा म्हणाला, "ठीक चाललंय ना? मग राहू दे." पुढचंही गेलं.

मग मला मुलांबरोबर मुंबईला जाऊन यायला मिळालं. नवऱ्याला सुट्टी नव्हती. बंदरावर उतरून टॅक्सीनं थेट चकाल्याला आले. भर दुपार. चाळ तशीच, पण काकीच्या दारात पडदा ओढलेला. आत काका खाटेवर बसलेले, आडवं होता येत नव्हतं त्यांना, आडवे झाले की श्वास कोंडायचा. गिरणीतल्या कापसानं छातीचं वाटोळं केलं होतं. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, आणि मला बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला तो खोकल्यात बुडाला. काकी निम्मी झाली होती. लोकांचे मसाले कांडून तिच्या नखांत हळद शिरलेली. थोरली शाळेचा गणवेश घालून पाटावर गणितं करत होती. उठली, "आई," म्हणाली, जवळ आली, पण पाहुणीच्या जवळ येतात तशी. उंच झाली होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर केसांना काकीच्या घरातल्या तेलाचा वास.

"ताई कुठाय?" मी विचारलं. "शाळा सुटली नाही तिची?"

थोरलीनं वही पुढे ओढली. मरोळच्या बाजूनं कारखान्याचा सायरन झाला. थोड्या वेळानं ताई आली, केस फडक्यात बांधलेले, हातांना औषधाचा उग्र वास. ती औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरायला जात होती.

"काकी, कधीपासून हे?"

"झाला वरीस. जास्तच झाला."

"मला का नाही कळवलंस?"

"कळवून काय करतलं होतंस?" काकी म्हणाली. "तुझ्या घोवान काय लिहिलेलान? कायव कमीजास्त झाला तर पुढच्या बोटीन. तूच माका वाचून दाखवलेलंस."

थोरलीसाठी आम्ही जे पाठवायचो ते थोरलीच्याच वह्या, दूध, गणवेशावर जायचं. काकांच्या औषधाला त्यातलं काही लावायचं नाही, ही काकीची जिद्द. थोरलीलाही तिनं बजावून ठेवलं होतं, पत्रात काय लिहायचं आणि काय नाही.

"पण ताईची दहावी राहिली ना गं काकी."

"घरात कमावणारो कोण नाय आणि दोन चेडवां शाळेत, तां जमणा नाय. एकीन जावचाच होता." ती काकांना उशी लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या चेडवाचो शब्द मी तुका दिलेलो. माझ्या चेडवाक मी शब्द कधी दिलंय?"

ताई हात धुऊन आली आणि माझ्या धाकटीला उचलून घेतलं. "जाऊ दे ना मावशी. मला नाहीतरी अभ्यासाचा कंटाळा."

"खोटं बोलते," थोरली वहीतून मान वर न काढता म्हणाली. "वर्गात पहिली यायची."

"ए, गप गं. तुझी गणितं कर."

त्या दिवशी मी ठरवलं, थोरलीला घेऊनच जायचं. दुसऱ्याच्या मुलीची शाळा मोडून माझ्या मुलीनं शिकायचं, हे कुठल्या धर्मात बसतं? मी तिची पिशवी भरायला घेतली. काकी दारात येऊन उभी राहिली. मी तिला इतकी चिडलेली कधी बघितली नव्हती. आवाज चढवला नाही, काकांना त्रास होईल म्हणून.

"घेऊन जातंस? जा. खय घालतलंस तिका? थय शाळा नाय म्हणान तर हय ठेवलंस. घेऊन गेलंस तर दोघीय घरात बसतली. मग माझ्या चेडवान कशाक सोडलान?"

मी पिशवी रिकामी केली. गणवेशाचा दुसरा जोड पुन्हा खिळ्याला लावला. थोरली बघत होती. राहिले तेवढे दिवस ती ताईशेजारीच झोपली, आणि मी परत बोटीवर चढले तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त जड पायांनी चढले. पहिल्या वेळी मला वाटलं होतं, मी माझ्या मुलीला कुणाकडे तरी ठेवतेय. या वेळी माहीत होतं, कुणाच्या जागेवर ठेवतेय.

मी परत आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "सगळं ठीक?" तेव्हा मी सांगितलं नाही. थोरली दहावीत गेली, वर्गात नाव लागलं, तेव्हा सांगितलं. तो कामाचे कपडे न काढता तसाच बसून राहिला. मला भीती वाटत होती की आताही म्हणेल, बोलाव तिला. तो म्हणाला, "तिच्या मुलीला आपण काय द्यायचं गं आता?"

मी त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. तो प्रश्न अजून तसाच आहे.

काका गेले. थोरलीनंच कळवलं, आता ती खरं लिहिते. ताई अजून त्याच कारखान्यात आहे. तिला बघायला येतात आणि विचारतात, किती शिकलीय, मग परत येत नाहीत. मोठे भाई अंधेरीला येतात, पण काकीच्या दारावरून पुढे जातात. थोरलीची परीक्षा तोंडावर आली आहे. पास होईल की नाही मला माहीत नाही. रात्रभर मसाल्याच्या वासात, एका दिव्याखाली वाचते म्हणे, आणि कामावरून दमून आलेली ताई तिला प्रश्न विचारते, उत्तरं तपासते. परीक्षेच्या दिवसांत मला तिथे जायला मिळणार नाही. गेले तरी मी काय करणार? चौथी पास मी. तिला दही-साखर हातावर ठेवून पाठवायला काकी आहे.

जमातीनं उद्या थोरलीला नाकारलं तरी चालेल. नवऱ्यानं मला बोल लावला तरी चालेल. मला रोज नमाज झाल्यावर भीती वाटते ती एकाच गोष्टीची, की काकी थकलीय आणि मी एवढ्या लांब आहे. दुआ मागताना आधी तिच्या तब्येतीचं मागते, मग माझ्या मुलांचं. अरबीत नाही मागत, मराठीत मागते, म्हणजे काय मागितलं ते मला कळतं.

काकी, तू दिलेला शब्द तू पाळलास, आणि तो ताईला महागात पडला. ताईची गेलेली वर्षं माझ्या हातात नाहीत. पण जे काही माझ्या हातात येईल, ते आधी तुझ्या दारात येईल आणि ताईच्या पुढ्यात ठेवलं जाईल, तिला हवं असेल त्या रूपात, ती मागेल तेव्हा. तू नको म्हणशील, मला ठाऊक आहे. तुझं ऐकणार नाही. मी हे फेडीन, आणि तू आहेस तोवर फेडीन.